काळ्या रश्श्याची निर्दोष सुटका

आमच्या कंपनीला बर्फातल्या चौकीवर चढायचं होतं. त्याआधी सगळ्यांना आळीपाळीनं रजा मिळाली. कंपनीत धाराशिव जिल्ह्यातले आम्ही तिघं. मी बेंबळीचा, हवालदार, रेडिओ ऑपरेटर. परंड्याचे सुभेदार माणिक शेळके, आमचे सीनिअर जेसीओ, म्हणजे कंपनीत अधिकाऱ्यांच्या खालोखाल तेच. आणि कळंबचा नायब सुभेदार दिगंबर काळे, ज्याला हसायला कारण लागत नसे.

रजा संपताना एकत्रच निघायचं ठरलं, म्हणून मी दोघांना आदल्या दिवशी घरी जेवायला आणि मुक्कामाला बोलावलं. आईनं काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा केला. शेजारपाजारची माणसंही पंगतीला होती. काळे तीनदा रस्सा मागून प्याला. शेळके साहेब मात्र मोजकंच जेवले. पोट जड आहे म्हणाले.

साहेबांना सुभेदार मेजर व्हायचं होतं. त्यासाठी मेडिकल कॅटेगरी शेप वन पाहिजे, म्हणजे अंगात कुठंच खोट नको. आणि इकडं गुडघ्यांनी दगा दिलेला. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणायच्या, रोज सकाळी उपाशीपोटी गिळायच्या आणि परेडवर ताठ चालायचं, असा त्यांचा कार्यक्रम होता. हे फक्त मला माहीत होतं. "कुठं बोललास तर बघ," एवढंच त्यांनी मला बजावलं होतं. त्यांचं 'बघ' ऐकून भले भले गार पडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब संडासातून भिंत धरून बाहेर आले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. ओसरीवर येऊन आडवे झाले.

"साहेब, काय झालं?"

"काय न्हाय. पोटात कळ येतीया. आन् काळं झालं. डांबरावानी चिकट."

"रक्त आसंल," मी म्हणालो.

"मूळव्याध हाय. गप बस."

आईनं उष्णता ठरवली. शेजारचे तात्या चहाच्या वासानं आले आणि नजर लागली म्हणाले. काळे म्हणाला, "आवो, काळा रस्सा खाल्ल्यावर काळंच व्हणार. तांबडं कुठनं व्हतंय?" आणि खो खो हसला.

साहेबांनाही ते पटलं. "व्हय, रस्साच."

आई चुलीपासून उठून दारात आली. "माझ्या रश्श्याला नाव ठिवलं तर पाठीत लाटणं घालीन. मग सुभेदार आसा न्हायतर सुभेदाराचा बाप."

मी म्हणालो, धाराशिवला दवाखान्यात जाऊ. साहेब आडवे पडूनच गरजले, "बाहेरच्या दवाखान्यात कागद झाला की पलटणीला कळतंय. जायचं न्हाय. ऑर्डर हाय माझी!"

आता आली का पंचाईत! सुभेदाराची ऑर्डर मोडायला अधिकारीच पाहिजे. मी पलटणीच्या डॉक्टरांना, म्हणजे आरएमओ कॅप्टन साहेबांना फोन लावला. आमच्या घरात रेंज नाही. ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहिलं तर मिळते. साहेबांना जिना चढवेना. म्हणून मी वर, साहेब खाली अंगणात बाजेवर, आणि मधे माझा आवाज. रेडिओ ऑपरेटरला एक शिकवलेलं असतं: संदेश जसाच्या तसा पुढं द्यायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

"सर, सुभेदार शेळके, पोटाचा रिपोर्ट. ओव्हर."

"फोनवर ओव्हर कशाला म्हणता?"

"रॉजर, सर. ओव्हर."

"रंग विचारा. ताजं लाल की काळं?"

मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "साहेब! ताजं लाल की काळं?"

गल्लीत दूधवाला थांबला. नळावरच्या बायांनी हंडे खाली ठेवले.

"हळू बोल की रं, गाढवा!" खालून आवाज आला.

"हळू बोल की रं गाढवा, सर."

"काय?"

"साहेबांचा संदेश आहे, सर. रंग काळा, डांबरासारखा."

डॉक्टर एकेक विचारत गेले. शेवटी ताजे थेंब पडतात का? तसं असेल तर बहुतेक मूळव्याध किंवा चीर. आव आणि ताप आहे का? तर आमांश. साहेबांचं प्रत्येकाला "न्हाय." ते मी प्रत्येक वेळी वर पाठवलं आणि गल्लीनंही ऐकलं.

"काल काय खाल्लं?"

"काळ्या मसाल्याचा रस्सा, सर."

"मग ज्यांनी खाल्ला त्या सगळ्यांना विचारा."

ऑर्डर म्हणजे ऑर्डर. मी ओरडलो, "कालच्या पंगतीतल्या सगळ्यांनी रंग कळवा!"

"नॉर्मल!" काळे अंगणातून.

"पिवळं, रोजच्यासारखं!" तात्या.

बायांनी तोंडाला पदर लावले. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं बी नीट हाय म्हणावं! आता कोण बोलतंय माझ्या रश्श्याला?"

"रस्सा निर्दोष, सर," मी कळवलं.

"ठीक. काही औषधं चालू आहेत?"

मी विचारलं. साहेबांनी खालून माझ्याकडं पाहिलं. "न्हाय म्हणून सांग." आवाज खोल गेला होता. मला एकदम भीती वाटली.

"सर, साहेब म्हणतात, नाही. मी म्हणतो, आहेत. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या. रोज. उपाशीपोटी."

बायांचे तोंडावरचे पदर खाली आले.

"गोळ्यांनी जठराला जखम झालीय, त्यातून रक्त जातंय," डॉक्टर म्हणाले. "तोंडानं काही देऊ नका. आत्ता हॉस्पिटल. ही माझी ऑर्डर आहे, मोठ्यानं सांगा."

मी सांगितली. तेवढी मात्र गल्लीत कुणी हसण्यावारी नेली नाही. काळेनं साहेबांना पाठीवर घेतलं आणि तात्यांच्या जीपमध्ये घातलं. धाराशिवला दुर्बीण घालून जखम बंद केली, रक्त चढवलं. उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

साहेब वाचले. कॅटेगरी गेली, बढती गेली. उंचावर जायला मनाई झाली. पलटणीत परतल्यावर ते मला 'गच्चीवरचा गद्दार' म्हणायचे आणि त्यापलीकडं एक शब्द बोलायचे नाहीत. चौकीवर सीनिअर जेसीओ म्हणून त्यांच्या जागी काळे चढला.

जानेवारीत त्याच्या गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. मी चौकीत रेडिओ सेटवर होतो. त्याचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, घेऊन हाका मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

त्याला तिरंग्यात घेऊन आम्ही कळंबला गेलो, साहेब आणि मी. सगळं उरकल्यावर त्याच्या आईनं साहेबांना विचारलं, "तुमी हुता का त्याच्याजवळ?"

"न्हाय, माय. ती जागा माझी हुती. म्या आजारी पडलो म्हणून त्यो गेला."

म्हातारीनं त्यांचा हात धरला. म्हणाली, "मग आता जपून ऱ्हावा, बाबा. दुखलं तर दुखतंय म्हणावं."

साहेब सावधानमध्ये उभे राहिले. "जी, माय," म्हणाले, आणि तिथंच ढसाढसा रडले.