भिंतीतला माणूस

आमच्या लार्झाकच्या पठारावर शिलेदार साधूंचा मठ होता. गळ्यात क्रूस, कमरेला तलवार. राजाची त्यांच्यावर वक्रदृष्टी झाली आणि मठ उठला, त्याला सातशे वर्षं होऊन गेली. राहिलं ते त्यांचं प्रार्थनाघर. त्यात माझी शेजारीण सिदोनी कोबेल मेंढ्या कोंडायची. तिच्या आजीच्याही आधीपासून तो मेंढवाडाच होता.

सिदोनीनं लग्न केलं नाही. दूध काढताना ती उत्तरेच्या भिंतीशी बोलत बसायची.

मी एकदा विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

"ऐकणारा आहे तिथं. तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा, मधे बोलत नाही."

मी हसले. पण त्या भिंतीला मेंढी कधी टेकत नसे. कडाक्याच्या थंडीतही हातभर जागा सोडून सगळ्या दाटीवाटीनं बसत.

मग एका वसंतात शहरातून संशोधक आले. त्यांनी ती भिंत ठोकली, तर पोकळ लागली. चार दगड काढले. आत अरुंद कोनाडा, त्याला दार नाही, झरोका नाही, आणि गुडघे छातीशी घेऊन बसलेला एक सांगाडा. जिवंत चिणलेला असावा, कारण आतल्या चुन्यावर नखांचे ओरखडे होते. कवटी सिदोनी बसायची त्या बाजूच्या दगडाला टेकलेली, कान लावून बसल्यासारखी.

सिदोनीनं भोकातून आत पाहिलं. "चाळीस वर्षं," ती पुटपुटली. "काय काय सांगितलंय मी ह्याला."

संशोधकांनी हाडं शहरातल्या त्यांच्या कचेरीत नेली. सिदोनीची झोप उडाली. म्हणायची, "कपाटात ठेवलाय त्याला. पुन्हा कोंडलाच ना?" सहा वर्षं तिनं त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.

तिथला साहेब म्हणाला, "बाई, तो तुमचा कोण लागतो?"

"मग दुसरं कोण आहे त्याला?"

शेवटी पेटी मिळाली. बसमधून मांडीवर घेऊन तिनं ती एकटीनं आणली, इतकी हलकी. पण दफनभूमीत खड्ड्यावर दोर लावले, तर चार गड्यांना पेलेना. दोर करकरले. पाद्रीबाबा प्रार्थना विसरले.

सिदोनी वाकून पेटीपाशी म्हणाली, "जा आता. इथं भिंत नाही."

पेटी सावकाश खाली गेली.

माझ्या नवऱ्याच्या तळव्यांवर दोराचे वळ महिनाभर होते. आणि सिदोनी पुढं अकरा वर्षं जगली, पण दूध काढताना तिचा आवाज आम्ही पुन्हा ऐकला नाही.