गावकीचा हंडा आणि मी लिहिलेला जबाब

नोकरीत हजारो जबाब लिहिले. बहुतेक विसरलो. एक मात्र अक्षरन् अक्षर पाठ आहे, कारण त्यातली अक्षरं सुबक होती आणि अर्थ साफ चुकीचा होता.

हल्ली पेपरात येतं, गुन्हे कमी झाले. कोणी म्हणतं, छे, तुमच्या काळीच कमी होते, माणसं दाराला कडी न लावता झोपत. मला विचारतात, साहेब, खरं काय? आकडा कसा तयार होतो हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. म्हणून ही हकीकत लिहितो. नावं कोणाचीच घालत नाही.

मी खानदेशातला. वडील गेले आणि सहावीतून शाळा सुटली. गावच्या एका ओळखीच्या माणसानं मुंबईला आणलं, उंची-छाती भरली, पोलिसात शिपाई झालो. लालबाग-परळच्या बाजूच्या एका ठाण्यात नेमणूक मिळाली. नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरवर होत्या, त्यामुळे मी सदा भेदरलेला. काही चुकलं तर परत गावी, हेच डोक्यात. एक अक्षर तेवढं चांगलं होतं. साताऱ्याकडचे आमचे म्हातारे हवालदार मला मास्तर म्हणत. "मास्तर, तू लिव. माझं अक्षर बघून मॅजिस्ट्रेट मलाच आत टाकंल."

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ. निम्मं ठाणं कायम बंदोबस्तावर. गिरणगाव आमच्यावर चिडलेलं होतं आणि त्यांचं चुकत नव्हतं. लाठी आमच्या हातात होती, डोकी त्यांची होती. चाळीखालून जाताना वरून बायका विचारायच्या, "मराठी आईचंच दूध प्यायलास ना रे?" मान खाली घालून चालायचो.

आता गंमत बघा. त्याच महिन्यांत आमचं चोऱ्यांचं रजिस्टर जवळजवळ कोरं होतं. मोठे साहेब खूश. वर अहवाल जायचा, हद्दीत मालमत्तेचे गुन्हे नगण्य. मीच तो सुवाच्य अक्षरात लिहायचो आणि मला तो खराही वाटायचा.

अशात एका सकाळी एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. कोकणातल्या एका गावच्या गावकीचे ते चिटणीस. गिरणीत कारकून, बोलणं स्वच्छ शहरी. गावकीची खोली म्हणजे काय ते नव्या वाचकांना सांगतो. एका गावची पंधरा-वीस माणसं एकाच खोलीत पाळीपाळीनं राहायची. पूजा-जेवणावळीची भांडी सगळ्यांच्या सामाईक मालकीची. त्यातला मोठा तांब्याचा हंडा भरदुपारी नाहीसा झाला होता. चिटणीस म्हणाले, "हंडा देवाच्या कामाचा आहे. नाहीतर तुमची पायरी चढलो नसतो."

दुपारपर्यंत टीप आली. नाक्यावरच्या पानवाल्यानं हवालदारांच्या कानात सांगितलं की चोरी झाली तेव्हा खोलीत एकच माणूस होता, एक बदली कामगार. बदली म्हणजे रोज गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कायमचा कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. त्या दिवशी त्याला काम मिळालं नव्हतं. तो मालवणकडचा, पंचविशीचा, हाडकुळा. त्याला आणलं.

हवालदारांना तेवढ्यात बंदोबस्ताचं बोलावणं आलं. जाता जाता म्हणाले, "मास्तर, जबाब घे. हात लावू नको. इचार आन् लिव, बास."

मी विचारलं, "हंड्याचं काय झालं ते सांग."

तो खाली बघत म्हणाला, "दुपारच्याक इलो, हंडो घेवन जिन्यान खाली गेलो."

इतकं सरळ! माझा विश्वासच बसेना. मी लिहिलं, 'दुपारी खोलीवर आलो, हंडा घेऊन जिन्याने खाली गेलो.' नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली. "होय. तसांच झाला."

"कुठे नेला?"

"तां माका ठावक नाय."

पक्का दिसतोय, म्हटलं. चोरी कबूल करतो, माल सांगत नाही. अंगठा घेतला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लॉकअपचं दार उघडायला मात्र ती पुरली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं ठरलं. चिटणीस संध्याकाळी येऊन जबाब ऐकून गेले. चेहरा दगडासारखा झाला होता. "रविवारी गावकी बसेल," एवढंच म्हणाले. गावकीनं चोर ठरवलं तर माणसाची खोली जाते, आणि बातमी गावी पोचली की तिथलं दारही बंद होतं. हे हवालदारांनी मला नंतर समजावलं. त्या संध्याकाळी मी मात्र पहिला गुन्हा उघडकीस आणल्याच्या आनंदात आईला पत्र लिहिलं.

सकाळी एक बाई डबा घेऊन ठाण्यात आल्या. त्या खोलीतली माणसं त्यांच्या खानावळीत जेवत. पदर खोचलेला, आवाज खणखणीत. खोलीतल्या प्रत्येकाला त्या झील, म्हणजे मुलगा म्हणत.

"आमचो झील खंय आसा? काल माझ्याकडे जेवलो नि गेलो, तो अजून इलो नाय!"

मी सवयीनं टाक उचलला आणि थांबलो. बाईमाणूस 'गेलो' म्हणते?

"मावशी, तुम्ही गेलात की तो गेला?"

"गे बाय माझे! मिया बायलमाणूस, मिया कशाक 'गेलो' म्हणतलंय? तो गेलो रे, तो! पोलिसात घेतल्यानी तुका, मराठी येता मां?"

आमच्याकडे 'गेलो' म्हणजे मी गेलो. त्यांच्याकडे 'गेलो' म्हणजे तो गेला; स्वतःबद्दल ते 'गेलंय' म्हणतात. त्या माणसानं चोर जाताना पाहिल्याचं सांगितलं होतं आणि मी त्यालाच चोर करून कागदावर बसवलं होतं. वर वाचून दाखवलं, तर त्याच्या कानाला ते बरोबरच वाटलं. त्याचं गेलो, माझं गेलो, शब्द तोच.

खरं सांगतो, आधी मी टाक ठेवून दुसरंच रजिस्टर पुढे ओढलं. जबाबावर अंगठा होता. कोणी मला विचारणार नव्हतं. चूक सांगितली तर नोकरी जाईल असं वाटत होतं. बाई डबा घेऊन बाकावर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मी उठून हवालदारांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रडलोही असेन.

त्यांनी शिवी दिली नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल, पुन्ना इचारू."

लॉकअपपाशी त्यांनी विचारलं, "बाबा, हंडा घेऊन कोण गेला?"

"तो कल्हईवालो. मिया निजललंय, आवाजान जाग इली. माका वाटला, चिटणिसांनी धाडल्यानी."

"मग काल का न्हाई बोललास?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "सांगलंय मां! ह्या पोलिसान लिवन घेतल्यान."

हवालदार तशाही परिस्थितीत हसले. मग एकदम गंभीर झाले. "कल्हईवाला चाळीखाली बसून भाता मारतो. भांडी बाया खाली आणून देत्यात. वर चढून भांडं नेतो, त्यो कल्हईवाला न्हवं."

साहेबांकडे ते स्वतः गेले. 'शिपायानं नव्यानं चौकशी करून मूळ जबाबातली चूक शोधली,' असं त्यांनी सांगितलं. चूक कोणाची ते सांगितलं नाही. माणूस त्या दुपारी सुटला. दोन दिवस आम्ही भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी शिवडीच्या एका गोदामात तो खोटा कल्हईवाला सापडला. पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला. गावकीचा हंडा तिथेच होता, आणि त्याच्यामागे आणखी सोळा भांडी. हंडे, घंगाळं, टोप. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, त्यामुळे प्रत्येकाचा मालक भांड्यावरच लिहिलेला.

सतरा भांडी आणि तक्रार एक.

मोठे साहेब म्हणाले, "एकच गुन्हा नोंद आहे ना? मग एकच उघडकीस आला. बाकीची पोचवून द्या." ती मी हातगाडीवरून चाळीचाळीत पोचवली. प्रत्येक दारात विचारलं, तक्रार का नाही केली? कोणी हसलं, कोणी दार लावून घेतलं. एक आजोबा म्हणाले, "हंड्यापायी ठाण्यावर येऊ, आणि मोर्चात कोण कोण होतं ते तुम्ही आधी विचाराल."

रविवारी हवालदारांनी मला गावकीच्या बैठकीला पाठवलं. "युनिफॉर्म घालून जा. कागुद साहेबानं सुधारला. माणसाचं नाव तुलाच सुधाराया पायजेल." खोलीत दाटीवाटीनं माणसं बसली होती. पिवळी टोपी काखेत घेऊन मी सांगितलं, हा माणूस खरं बोलला होता, मला ते समजलं नाही, चूक माझी. तो बदली कामगार भिंतीला टेकून बसला होता. तो उठला, चिटणिसांच्या शेजारी त्याला जागा झाली, तिथे जाऊन बसला. खानावळवाल्या मावशी दारातून म्हणाल्या, "आता उभो कित्याक? बस, जेव. आणि जेवता जेवता मालवणी शिक."

मी जेवलो. पुढची सहा वर्षं मी त्याच खानावळीत जेवत होतो. घरापासून इतक्या लांब मला ताटावर बसवणारी ती माणसं. त्यांचं ऋण मोठं आहे.

त्यानंतर त्या चाळींमधून लोक यायला लागले. आधी एक बाई आली, मग तिची शेजारीण. सायकल गेली, वाळत घातलेलं लुगडं गेलं, नवरा मारतो. मालवणीत सांगायचे, मी दोनदा विचारून लिहायचो. वर्षअखेरीस साहेबांनी मला आणि हवालदारांना समोर उभं केलं. रजिस्टर आपटून म्हणाले, "तुमच्या बीटमध्ये गुन्हे तिप्पट झालेत. काय चाललंय?"

नोकरी कायम व्हायचा कागद त्याच टेबलावर होता.

हवालदार म्हणाले, "साहेब, चोऱ्या हाईत तेवढ्याच. मानसं सांगाया याया लागली."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी माझा कागद ओढला आणि सही केली.

आजचे आकडे मी तपासलेले नाहीत, त्यामुळे गुन्हे घटले की वाढले यावर माझं मत नाही. पण कोणी कोरं रजिस्टर दाखवलं तर मी आधी विचारतो, ठाण्यात गेल्या आठवड्यात कोण कोण आलं होतं? हे मला त्या हवालदारांनी शिकवलं. निवृत्त होऊन ते गावी गेले, तेव्हा मी त्यांना सामान उचलू लागलो. वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "मास्तर, अक्षर जरा कमी चांगलं काढ. ऐकाया टाइम मिळंल."