सिस्टरच्या घरातला चिखल

समस्त रहिवासी, भाडेकरू, दूधवाले, कुरिअरवाले आणि अवेळी टपकणारे पाहुणे यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बदलापुरात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक उंबरठा होता आणि तो ओलांडण्याची पात्रता या पृथ्वीतलावर फार थोड्या पायांमध्ये होती. माझ्या पायांत ती नव्हती. मी सोसायटीचा सेक्रेटरी, बिनविरोध निवडून आलेला. तरी त्या बाई मला पायपुसण्यावर उभं करत, आधी माझ्या टाचांकडे बघत, मग नाकाला पदर लावून म्हणत, "शी! तिथूनच बोला."

बाकीची माणसं बोलायला लागताना "काय म्हणता" म्हणतात. यांची सुरुवात "शी"ने व्हायची. त्यातही प्रतवारी होती. जिन्यात पानाची पिंक दिसली की लांबलचक "शीऽऽ". पाण्याच्या टाकीत कबुतराचं पीस सापडलं तेव्हाचा "शी" चौथ्या मजल्यावर ऐकू गेला होता. आणि सगळ्यांत जहाल "शी" अगदी हळू, जवळजवळ प्रेमाने यायचा. तो ज्याच्या वाट्याला आला, तो माणूस पुन्हा त्या दारात दिसला नाही.

सगळे त्यांना सिस्टर म्हणत. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका हॉस्पिटलात त्यांनी उभा जन्म ऑपरेशन थिएटर सांभाळलं होतं. घराच्या भिंतींना खांद्यापर्यंत ऑइलपेंट, तोही दवाखान्यातला फिका हिरवा. का, तर ओल्या फडक्याने पुसता येतो. कोनाड्यात बुद्धमूर्ती, तिच्यासमोर रोज ताजी फुलं आणि फुलदाणीत रोज ताजं पाणी. यजमान अंबरनाथच्या एका कंपनीत फोरमन होते, ते गेले. मुलगा पुण्यात. मागे राहिली ती यजमानांची गाडी. महिन्यातून एकदा एक ड्रायव्हर ती अंबरनाथपर्यंत फिरवून आणायचा आणि परत आल्यावर सिस्टर चारही चाकांकडे बघून "शी" म्हणायच्या. गाडी मात्र त्यांनी कधी धुतली नाही. "रस्त्यावरची वस्तू," म्हणत, "ती मळकीच असणार. तिला कोण घरात घेतंय?"

त्यांचा विम्याचा प्रसंग मी पायपुसण्यावर उभं राहून पाहिला. तिकीट लावलं असतं तरी गेलो असतो. खरवईचा एक एजंट आला होता. त्याला खुर्ची मिळाली होती, पण खुर्चीवर वर्तमानपत्र होतं आणि तो वर्तमानपत्रावर होता.

"मॅडम, टेन्शनच घेऊ नका. गाडी म्हणा, घर म्हणा, सगळं कव्हर आहे."

"सगळं म्हणजे काय काय?"

"म्हणजे... सगळंच."

"ऑपरेशनच्या ट्रेमध्ये 'सगळं' नावाची वस्तू नसते," सिस्टर म्हणाल्या. "कात्री असते, चिमटा असतो, कापूस असतो. एकेक बोला. नदी घरात आली तर?"

एजंटने घसा खाकरला. तुम्हाला सांगतो, पुढचा अर्धा तास त्या माणसाच्या पोटातून एकेक वस्तू बाहेर काढण्यात गेला. घराच्या कर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेला विमा होता, तो निव्वळ भिंतींचा आणि छताचा निघाला. आतला फ्रिज, कपाटं, गाद्या वाहून गेल्या तर कंपनीला त्यांच्याशी देणंघेणं नाही, त्यांचा विमा वेगळा. गाडीला पूर्ण विमा होता, पण इंजिनात पाणी गेलं तर इंजिन त्या 'पूर्ण'मध्ये बसत नव्हतं, त्याला जोडविमा वेगळा.

"मी विचारलं नसतं तर हे सांगितलं असतंत?"

एजंट समोरचं पाणी प्यायला.

"शी," सिस्टर हळूच, जवळजवळ प्रेमाने म्हणाल्या. पण वेगळं असलेलं सगळं त्यांनी त्याच्याकडूनच घेतलं, एकेक कलम बोटाखाली धरून. मला त्या दिवशी त्या एजंटची फार किळस आली. गावातला पाकीटमार निदान 'पाकीट सुरक्षित आहे, टेन्शन घेऊ नका' असं सांगून खिशात हात घालत नाही.

पुढल्याच पावसाळ्यात नदी आमच्या गेटातून आत आली. आम्ही सिस्टरना वर आमच्याकडे आणलं. एका हातात बुद्धमूर्ती, दुसऱ्या हातात फिनेलची बाटली. बाटली कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्याकडे असेल याची खात्री नव्हती."

पाणी ओसरल्यावर पार्किंगमध्ये गाड्या चिखलात रुतलेल्या. दुसऱ्या मजल्यावरचे शिंदेसाहेब घाईघाईने किल्ली घेऊन उतरले. सिस्टर जिन्यातून ओरडल्या, "किल्ली लावू नका! इंजिन पाणी ओढेल! मग कंपनी म्हणेल, हे तुम्हीच केलंत!"

"अहो, चालू होते का ते नुसतं बघतो."

बघितलं. गाडीने एकदा ढेकर दिला आणि गप्प झाली. पुढे कंपनीनेही शब्दशः सिस्टरचंच वाक्य त्यांना ऐकवलं. सिस्टरच्या गाडीला मात्र कोणी बोट लावलं नव्हतं. ती जशीच्या तशी, चिखलासकट, उचलून गॅरेजला नेली आणि तिचा क्लेम विनातक्रार मंजूर झाला.

आता घर. दार उघडलं तेव्हा मी मागे उभा होतो. मित्रहो, मी तोंडाळ माणूस आहे, पण त्या वासाला माझ्याकडे शब्द नाही. गुडघ्याखाली सगळा काळा, बुळबुळीत गाळ. गटाराने आपल्या पोटातलं सगळं आणून दिवाणावर ठेवलेलं. आडव्या पडलेल्या फ्रिजच्या दाराशी एक मेलेला मासा, तांदळाच्या डब्यात काहीतरी वळवळणारं. हिरव्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ. सिस्टरनी पदर नाकाला लावला आणि "शी"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

कंपनीने फोनवर बजावलं होतं, नुकसान तपासणारा सर्वेअर येऊन पाहीपर्यंत कशालाही हात लावू नका, फोटो काढून ठेवा. मी मोबाइल पुढे केला. सिस्टरचा तळवा कॅमेऱ्यावर.

"माझ्या घराचा असा फोटो? मी मेल्यावर माझा काढा एक वेळ. घराचा नाही. माणूस येणार आहे ना? डोळ्यांनी बघेल."

त्यांनी दाराला कुलूप लावलं. आणि पूर आलेल्या घरांत सुरू असलेली धुण्याची धांदल बघत ही बाई जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. रोज बसायच्या. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसतात तशा. बाकीच्यांचा गाळ गेला, ऊन पडलं, गाद्या वाळल्या. वास फक्त एका दारातून यायचा, आणि ते दार सबंध सोसायटीत सगळ्यांत स्वच्छ बाईचं होतं. माझ्याकडे तक्रारी यायला लागल्या. तक्रार करणाऱ्यांत शिंदेसाहेब पहिले. लोकांची नाकं मला नव्याने कळत होती.

हाताला चाळा म्हणून सिस्टरनी आमचं स्वयंपाकघर घासलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू मीच म्हणालो होतो की, आपला ओटा चिकट आहे.

एकदा त्या जेवत असताना मुलाचा फोन आला. स्पीकर सुरूच होता.

"आई, बास झालं. त्या घरात मी आता एक रुपया घालणार नाही. विकू आणि तू इकडे ये."

"क्लेम मिळू दे. फ्रिज, कपाटं, दारं, सगळं माझं मी उभं करते. तुझ्याकडे एक दमडी मागत नाही."

"आणि क्लेम नाही मिळाला तर?"

सिस्टरनी ताटातलं शीत उचलून कडेला ठेवलं. "तर येईन," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोच्या बाथरूमची पाहुणी होऊन राहीन."

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "अहो सेक्रेटरी, सून चांगली आहे. पण ओली चप्पल घालून घरभर फिरते." आणि त्या घरात राहायला जाण्याचं त्यांना काय वाटत होतं, ते मला त्या ओल्या चपलेतून कळलं.

इतके दिवस वाट बघितल्यावर एकदाचा सर्वेअरचा फोन आला. उद्या सकाळी येतो. निरोप सिस्टरना देऊन मी निर्धास्त मनाने अंबरनाथला कामाला गेलो. यात चुकण्यासारखं काही आहे, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी परतलो तर गेटातून फेसाळ पाणी वाहत होतं. फिनेलचा वास कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत. सिस्टरचं दार सताड उघडं. आतली फरशी अशी की, तोंड बघून भांग पाडावा. फ्रिज, दिवाण, गाद्या, फुगलेली कपाटं उल्हासनगरच्या भंगारवाल्याने टेम्पोत भरून नेली होती. भिंतीवरची रेघ गायब. ऑइलपेंटच तो, ओल्या फडक्याने निघाली. मधोमध सिस्टर, कंबरेला पदर खोचलेला, चेहरा घामाने आणि समाधानाने निथळतोय.

"या, या, आत या," त्या म्हणाल्या. मला! आत! "बघा. आता कोणी आलं तरी मान खाली घालायला नको."

"सिस्टर," मी म्हणालो, "हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? उद्या माणूस यायचाय ना घरी?"

मी भिंतीवर रेघ होती त्या जागेकडे बघितलं. त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. पॉलिसीतलं एकेक कलम बोटाखाली धरून वाचलेल्या बाईच्या चेहऱ्यावर, आपण काय पुसून टाकलं ते हळूहळू उतरताना मला बघावं लागलं. देव करो आणि तसं काही पुन्हा बघायला न मिळो. सिस्टर सर्वेअरची वाट बघत होत्या तोवर ठीक होतं. 'उद्या सकाळी येतो' म्हटल्याबरोबर तो पाहुणा झाला.

माझ्यातला सैतान जागा झाला. मी आवाज खाली आणला. "सिस्टर, मागच्या नाल्यात अजून रग्गड गाळ आहे. दोन बादल्या आणतो. एक सोडू हॉलमध्ये, एक..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झुरळाकडे बघताना त्यांच्या नजरेत निदान थोडी ओळख असायची.

"शी! खोटा चिखल?"

दुसऱ्या दिवशी सर्वेअर आला. पांढरे बूट घातलेला तरुण. उंबरठ्याशी थबकला, आत बघितलं आणि न सांगता बूट काढले. सिस्टरनी त्याला खुर्ची दिली. खुर्ची माझ्याकडचीच होती. तिच्यावर वर्तमानपत्र नव्हतं.

"मॅडम, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

"इथपर्यंत." सिस्टरनी भिंतीवर हात ठेवला. हाताखाली फिका हिरवा, लखलखीत रंग.

"आणि डॅमेज सामान?"

"होतं. काढून टाकलं. घाण होती."

"फोटो वगैरे?"

"नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वकिलासारखा पुढे सरसावलो. मी पाहिलंय, गाळ होता, मासा होता, तांदळात अळ्या होत्या! मी रंगात येऊन सांगत होतो आणि सिस्टर आक्रसत होत्या. "अळ्यांचं नका हो सांगू," त्या पुटपुटल्या. "परका माणूस आहे."

दारं खालून फुगली होती, तेवढी धरली गेली. बाकी कंपनीच्या पत्रात सभ्य भाषेत एवढंच होतं की, नुकसान आढळले नाही. चिखलाने माखलेल्या गाडीवर विश्वास आणि पुसलेल्या घरावर संशय, असा तो न्याय. दार वाजवलं की उघडतात आणि आत ऐकून घेणारं कोणी नसतं, अशा त्या ऑफिसात मी दोनदा जाऊन भांडलो. खरवईचा एजंट फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, "साहेब, साफ कशाला केलं? मी तर सगळं कव्हर केलं होतं." त्याला मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही, पण ते बोलताना मला बरं वाटलं.

वर तक्रार करा, सोसायटीच्या सह्या घेतो, असं मी सिस्टरना म्हणालो.

"सह्या कशाखाली?" त्यांनी विचारलं. "हिच्या घरात खरंच फार घाण होती हो, असं लिहिणार? आणि गावभर फिरवणार?"

मग एका रविवारी मुलगा आला. यजमानांची दुरुस्त झालेली गाडी गेटाशी लागली. सिस्टर बुद्धमूर्ती मांडीवर घेऊन मागे बसल्या. बसण्याआधी सीटवर त्यांनी स्वतःच वर्तमानपत्र पसरलं. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "गिऱ्हाईक आलं तर दाखवा. बूट बाहेर काढायला सांगा." पदर नाकाला होता. तो त्यांनी गाडी वळेपर्यंत खाली घेतला नाही.

गिऱ्हाईक दिवाळीनंतर आलं. अंबरनाथचं जोडपं, सोबत दलाल. दलालाने मला गेटातच बाजूला घेऊन पुराचं अवाक्षर काढू नका, असं बजावलं होतं. बंद राहूनही घर तसंच होतं, धूळसुद्धा आत यायला कचरली असावी. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला, फरशीकडे बघितलं आणि कोणी न सांगता नवऱ्याला बूट काढायला लावले.

आणि माझं तोंड मला आवरेना. "बघा, आधीच सांगतो," मी म्हणालो. "या घरात पूर शिरला होता. पाणी इथवर होतं, गाळ गुडघ्याला होता." दलालाने डोळे मिटून घेतले. बाईंनी माझा हात जिथे होता त्या लखलखीत भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खो खो हसत म्हणाल्या,

"काहीतरीच काय हो! असल्या घरात कधी पाणी शिरतं होय?"