अंगठ्यावरचा लाल दोरा

धुरपदाबाईंना एका जागी बसवत नाही, हे बुऱ्हाणपुरातल्या साऱ्या शनवाऱ्याला माहीत आहे. जिचा जन्म फुलांच्या दुकानात फळीवर मांडी घालून गेला, तिच्याबद्दल असं म्हणणं विचित्र वाटेल. पण मांडी घातलेली असायची एवढंच. हात हारात, डोळे रस्त्यावर आणि जीभ सुनेवर.

वैशाखातली सकाळ कलायला लागली होती. पाणी प्यायला म्हणून त्या फळीवरून उतरल्या, चपलेत पाय घातला आणि तिथंच थबकल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला लाल दोरा होता.

या दोऱ्याचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची पळापळ कळायची नाही.

दुकान काढलं त्यांच्या सासऱ्यांनी, शालिग्राम यांनी. ते मूळचे पावरलूमवरचे विणकर. मागावर उरलेलं सूत गुंडाळून घरी आणायचे (मालकाला विचारून, हे आवर्जून सांगायचे), त्यात सासुरवाडीच्या बांधावरचा झेंडू ओवायचे आणि सुटीच्या दिवशी देवळाबाहेर बसायचे. पुढं माग बंद पडला, झेंडू टिकला. शनवारा दरवाजापाशी एक फळी टाकण्यापुरती जागा मिळाली आणि विणकराचा फुलवाला झाला. सवयी मात्र विणकराच्याच राहिल्या. कापडाचं थान मागावरून उतरवलं की शेवटचे दोरे मोकळे सोडतात. त्यावरून त्यांनी नियम केला की मयताच्या हाराची टोकं बांधायची नाहीत. तो हार गळ्यात नाही घालायचा, अंगावर ठेवायचा. "त्याचं विणून झालं, आता कशाला अडकवता," असं म्हणायचे.

लग्नाच्या हाराचं उलटं. त्याची टोकं लाल सुतानं पक्की बांधायची, आणि तीही अगदी शेवटी, पाणी शिंपडून झाल्यावर. हारांच्या जोडीसाठी दोन लाल दोरे तोडायचे आणि पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवायचे. दोन्ही सुटले की जोडी पुरी. फळीच्याही दोन बाजू: उजवीकडं लग्नाचं काम, डावीकडं मयताचं. बुऱ्हाणपुरापासून पार शाहपुरापर्यंत पोरासोरांनाही ठाऊक, की शालिग्रामांच्या दुकानातून मोकळ्या टोकांचा हार निघाला तर कुणाच्या तरी घरी रडणं आहे.

आणि आता एक दोरा अंगठ्यावर राहिला होता. जोडी शाहपूरच्या केळीवाल्या विनायकरावांच्या गाडीतून केव्हाच गेली होती. त्यांच्या पुतण्याचं, मोहितचं, आज दुपारी लग्न. म्हणजे नवरा किंवा नवरी, दोघांपैकी एकाच्या गळ्यात मयताचा हार पडणार. पडणारही नाही, घालता घालता सुटून पायाशी येणार, भर मांडवात.

झालं कसं, तेही त्यांना उभ्या उभ्या कळलं. सकाळी लोहारमंडीतल्या एका मयताचे मोठाले हार केले आणि त्याच बैठकीत ही जोडी हातात घेतली. हातांनी मागचीच वाट धरली.

चूक माणसाकडून होते, पण धुरपदाबाईंनी स्वतःला तेवढी जागा ठेवली नव्हती. पाडव्याला मुलाशी, समाधानशी, वाजलं होतं. तो म्हणाला, "आई, आता घरी बस. पूनम संभाळून घेईल. तुझं वय काय, हे ऊन काय." त्यावर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ज्या दिवशी माझ्या हातून हार चुकेल, त्या दिवशी मी आपणहून उठेन. तोवर फळीचं नाव काढायचं नाही." सून पूनम तेव्हा शेवंतीच्या काड्या खुडत होती. मान वर न करता खुडत राहिली.

पूनम नेपानगरची. वडील कागद कारखान्यात, घरात विदर्भाची मराठी, स्वतः बी.कॉम. झालेली आणि वर डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा बाईंनी तिला पहिलं वाक्य ऐकवलं होतं, "डाव्या हाताचे हार देवाला चालतील का, ते भटजींना विचारावं लागेल." विचारलं कुणी नाही. पण मुलगी ते विसरली नव्हती, हेही बाईंना माहीत होतं.

फोन करावा? विनायकरावांचा नंबर समाधानच्या मोबाइलात. त्याला विचारलं की संपलं. आणि फोनवर बोलायचं तरी काय? एका हाराची गाठ राहिली, जरा बांधून घ्या? मांडवात एकाच्या कानात गेलं की शंभरांच्या तोंडात. नाहीच.

त्यांनी पदर खोचला. "मी देवळात जाऊन येते."

"या उन्हात?" पूनम म्हणाली.

"देव काय सावलीतच भेटतो?"

पूनमनं एकवार सासूच्या पायाकडं पाहिलं, मग हातातल्या मोगऱ्याकडं. "पाणी तरी पिऊन जा. पाण्यासाठीच उठल्या होत्या ना."

पाणी राहूनच गेलं होतं. त्या तशाच निघाल्या.

कोपऱ्यावर गोटूची रिक्षा उभी होती. गोटू त्यांच्या देखत लहानाचा मोठा झालेला, आता मिशीवाला.

"शाहपूर. आत्ता."

"आजी, शाहपूरला तर बस जाते ना."

"बस थांबत थांबत जाते. तू थांबू नको."

"कोई सीरियस है क्या?"

"तुझं तोंड सीरियस आहे. चल."

रिक्षा तापीच्या पुलावर आली. खाली पाणी कमी, दगड जास्त. पुढं केळीनं भरलेला ट्रक, त्याच्यापुढं आणखी एक. गोटू हॉर्न वाजवायचा, ट्रक ढिम्म. बाई सीटच्या कडेला येऊन बसल्या होत्या, जणू त्या पुढं सरकल्या की रिक्षा पुढं सरकेल.

"आजी, नीट बसा. पडाल."

"मी बसलेलीच आहे."

"ये बैठना नहीं है. ये तो उठना है."

त्या आणखी पुढं सरकल्या. गोष्ट खरंच गंभीर आहे, हे गोटूला कळलं आणि त्यानं ट्रकच्या डाव्या बाजूनं, धुळीतून रिक्षा घातली.

बाईंच्या डोळ्यांपुढं धोंडू आले. त्यांचे मालक, समाधानचे वडील. शेवटी त्यांच्या अंगावर ठेवायचा हार बाईंनीच केला होता, निशिगंधाचा. टोकं मोकळी सोडताना हात इतका अडला होता, की शालिग्रामांनी, बापानं, स्वतः हार हातातून काढून घेतला होता. त्या दिवशी हाताला सगळं कळत होतं. मग आज काय झालं? अंगठ्यावरचा दोरा त्यांनी अजून काढला नव्हता. काढला तर चूक झाली हे कबूल केल्यासारखं होईल असं काहीतरी डोक्यात होतं. डोक्यात उन्हाचं काहीही येतं.

शाहपुरात मांडव दारापासून रस्त्यापर्यंत घातलेला. वाजंत्री सुरू, पण अजून अक्षता पडायच्या होत्या. बाई मधल्या खोलीत घुसल्या. तिथं नवऱ्या मुलाची आजी, मथुराबाई, पानसुपारीच्या ताटांवर पहारा देत बसली होती. दोघी जुन्या ओळखीच्या.

"धुरपदे? तू कशी काय? हार तर सकाळीच आले."

"पाणी मारायला आले. ऊन फार आहे, मोगरा माना टाकतो."

"एवढ्या लांबून पाणी मारायला? आमच्या शाहपुरात काय नळ नाहीत?"

"आहेत ना. मारणारी माणसं कशी आहेत ते मला माहीत आहे."

मथुराबाई हसली आणि केळीच्या पानातली पुडी पुढं सरकवली. धुरपदाबाईंनी पान उलगडलं. पहिला हार. लाल गाठ. त्यांची स्वतःची, दोन फेरे आणि उजवीकडं ओढलेली. दुसरा हार त्यांनी जवळजवळ मिटल्या डोळ्यांनी उचलला.

लाल गाठ.

त्यांनी ती बोटांत धरली. दोन फेरे, घट्ट, नीट. पण पीळ उलटा. डावीकडं ओढलेली.

"काय गं, काय बघतेस?" मथुराबाई म्हणाली.

"काही नाही." त्यांनी मुकाट्यानं पाणी शिंपडलं. आलंच होतं तर.

सुटका झाली असं वाटायला हवं होतं, आणि वाटलं ते वेगळंच. टोकं मोकळी असती तर बांधून मोकळ्या झाल्या असत्या. ती बांधलेली होती. पूनमनं पुडी करताना पाहिलं, नवा दोरा तोडला, गाठ मारली आणि तोंड बंद ठेवलं. आणि गाठ अशी सफाईची, की ही काही पहिली नव्हे.

मथुराबाई जेवायला थांब म्हणत होती. धुरपदाबाई अंतरपाट दूर होईपर्यंत थांबल्या, त्याही उभ्यानं. हार पडले, टिकले. मोहितच्या गळ्यातला डावखुरा होता. त्या लगेच वळल्या.

येताना गोटूनं विचारलं, "काम हो गया, आजी?"

"झालेलंच होतं."

दुकानात पूनम एकटीच होती. बाई फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

पूनमनं हातातलं काम थांबवलं नाही. "काय कधीपासून?"

"गाठ."

"संक्रांतीपासून. रोज नाही. कधी कधी."

"मग पाडव्याला तोंड का उघडलं नाही? समाधानला तेवढंच हवं होतं."

"आणि तुम्ही घरी बसला असतात." पूनमनं आता मान वर केली. "आई, तुम्ही एक दिवस तापानं घरी होत्या, तर मला माझाच तवा सापडला नाही. इथं निदान तुमचे हात तरी गुंतलेले असतात."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दिसू दिलं नाही. फळीवर चढल्या, उजव्या बाजूची आपली उशी उचलली आणि डावीकडं टाकून बसल्या. अंगठ्यावरचा लाल दोरा काढायला गेल्या. तो घामानं आवळला होता, वेळ लागला.

"हे काय?" पूनम म्हणाली.

"उठेन म्हणाले होते, उठले. कुठं बसेन ते बोलले नव्हते. मयताचे हार माझे. त्यांना गाठ लागत नाही." त्यांनी दोरा सुनेपुढं धरला. "लग्नाचे तुझे. समाधानला मी सांगेन. तू मधे बोलू नको."

पूनमनं दोरा घेतला, पाय पुढं केला आणि अडकवला.

"उजव्या अंगठ्यात."

"मी डावखुरी आहे, आई."

बाईंनी त्या डाव्या अंगठ्याकडं पाहिलं. सासऱ्यांनी अमुकच पाय असं कधी सांगितल्याचं त्यांना आठवेना.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि राहिलेलं पाणी प्यायला पुन्हा फळीवरून उतरल्या.