श्रीपतला मिळालेले सात महिने

बडनेऱ्याहून श्रीपतच्या बायकोचं, सुमनवहिनींचं पोस्टकार्ड आलं, तेव्हा मी अकोल्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकावर वाकलो होतो. ‘तुमचा मित्र मंगळवारी सकाळी गेला. शाळेला कळवलं आहे.’ दोनच ओळी... कार्ड खिशात ठेवलं आणि समोरची काचपट्टी तपासून पुरी केली. रडू आलं नाही. दोन वर्षांत आम्ही दोघंही फार थकलो होतो.

श्रीपत इंगळे आणि मी अमरावतीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी डॉक्टर झालो. तो बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर वर्षभरात मास्तर झाला आणि धारणीकडची शाळा त्यानं हौसेनं मागून घेतली. तिथेच त्याला धाप लागू लागली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्याच्या रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी मीच पाहिल्या, त्याला सांगितलंही मीच. गोळ्यांनी वर्षभर साथ दिली. मग पेशी पुन्हा वाढल्या.

“औषध तेच हाये, मंग काहून वाढल्या?” त्यानं विचारलं.

“सरावल्या त्या. त्याईले आता या गोळीचं काही वाटत नाही.”

मुंबईच्या माझ्या सरांनी पत्रातून एक मार्ग सुचवला. सोबत दुसरी गोळी द्यायची. ती स्वतः पेशी मारत नाही, पण पहिलं औषध शरीरात लवकर मोडू देत नाही. मग ते निबर झालेल्या पेशींनाही पुन्हा बाधू शकतं. पहिल्याची मात्रा कमी कर, असंही त्यांनी लिहिलं होतं. किती, ते लिहिलं नव्हतं. मी निम्मी केली, तीही जास्तच ठरली. वाईट पेशी मेल्या आणि चांगल्याही मेल्या. श्रीपतचं तोंड फोडांनी भरलं. तीन आठवडे त्याला पेजसुद्धा गिळवेना.

“माह्या हातून चुकलं,” मी म्हणालो.

तोंडातले फोड सांभाळत तो बोलला. “चुकलं तं लिहून ठेव. पुढच्याले कामी येईन.”

मात्रा पाववर आणली, तसा तो सावरला. सात महिने मिळाले... त्यात त्यानं धारणीकडे परत जाऊन चौथीची परीक्षा घेतली. जीपच्या धक्क्यांनी अंग ठणकायचं, तरी गेला. पेशी तिसऱ्यांदा वाढल्या, तेव्हा माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात अंजनगावच्या एक भाजीवाल्या बाई दाखल झाल्या. तोच आजार, तीच सरावलेल्या पेशींची अडचण. दुसरी गोळी सोबत देताना त्यांची पहिली गोळी मी पहिल्या दिवसापासून चार तुकड्यांत मोडतो आणि एकच तुकडा देतो. त्या तुकड्याकडे बघत विचारतात, “डॉक्टरसाहेब, एवढ्याशानं काय होते?” मी खाटेजवळ खुर्ची ओढून घेतो आणि त्यांना श्रीपत मास्तराबद्दल सांगू लागतो.