स्प्रिंगा बसल्या म्हणजे काय

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं पोट धरून हसत होता. आजीने मोटारीच्या एका सीटसाठी अख्खी शुक्रवार पेठ डोक्यावर घेतली आणि घरातला सोफा फाडला, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं म्हणे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ज्या सुरात त्या तुमच्यापर्यंत पोचल्या, तो सूर मला मान्य नाही. एखादी हकीकत घरात विनोद म्हणून रुजली की मग ती सरळ करता येत नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. मी जन्मभर मुलींना इंग्रजीच शिकवलं. पण या प्रकरणातला घोळ एका मराठी शब्दामुळे झाला, आणि त्या शब्दाचं इंग्रजी केलं की घोळच नाहीसा होतो. तेव्हा अडेल तिथे बाबांना विचारा. त्यांचीही थोडी उजळणी होईल.

आपली काळी मोटार तुम्ही पाहिली आहे. ती तुमच्या बाबांपेक्षा वयाने मोठी आहे. तिची पुढची सीट एकच, बाकासारखी लांब आणि उंच. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती मीच चालवते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एक नियम घालून दिला: बसताना खुबा गुडघ्याच्या वर राहिला पाहिजे, खोल जागी बसायचं नाही. त्यासाठी घरातल्या त्यांच्या खुर्चीच्या पायांखाली मी लाकडी ठोकळे घातले. पण बाहेर काय करायचं? हल्लीच्या गाड्यांत बसायचं म्हणजे टबात उतरायचं. रिक्षाची पायरी उंच, आणि धक्के वेगळे. आमच्या मोटारीत मात्र आजोबा सीटच्या कडेला टेकायचे, एकेक पाय आत घ्यायचे आणि दार लावायचे. उतरतानाही माझा हात धरत नसत.

दर रविवारी आम्ही वळसंगला जातो. तिथे त्यांची थोरली बहीण आहे, तुमची आत्याआजी. आईमागे आजोबांना तिनेच वाढवलं. ती आता ओट्याखाली उतरत नाही. कानाने इतकी अधू झाली आहे की फोनवर फक्त स्वतः बोलते. दुसऱ्याने काय म्हटलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणजे आजोबा गेले तरच भेट. न गेले तर संपलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण ज्यांनी ज्यांनी मला ‘एका सीटसाठी एवढं?’ असं विचारलं, त्यांतल्या कोणाच्याच हे लक्षात राहत नव्हतं.

तर एका रविवारी परत येताना कुंभारीच्या अलीकडे रस्त्यावर एक नवा गतिरोधक होता. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही, काही नाही. कोणाला तरी वाटलं, करून टाकला. मोटार आदळली आणि आजोबांच्या बाजूने टण्ण असा आवाज झाला. स्प्रिंग तुटली होती. तिचं टोक गादीतून वर आलं आणि आजोबा एका अंगाला कलले. घरी आल्यावर त्यांना उतरवायला शेजारचे दोघे जण लागले. एरवी स्वतःहून उतरणारा माणूस पोत्यासारखा उचलला जात होता आणि उचलणाऱ्यांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होता. त्यांनी कशाबद्दल सॉरी म्हणायचं? ज्याने तो गतिरोधक केला, त्याने म्हणावं.

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. “आई, विकून टाक ना ती. आता व्हिंटेज म्हणून हौशी लोक घेतात. छान ठेवतील.”

व्हिंटेज! वस्तूचा उपयोग संपला आणि कौतुक सुरू झालं की तिला हे नाव देतात. मी म्हटलं, “अरे, मग तुझे वडीलही व्हिंटेजच की. त्यांच्यासाठी गिऱ्हाईक बघू का?”

“तुझ्याशी बोलणं कठीण आहे, आई.”

“सोपं आहे. सीट दुरुस्त करून घेते, एवढंच बोलायचं होतं.”

पण ते एवढंच निघालं नाही. शुक्रवार पेठेत सीटकामाचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींच्या पुतणीला मी शिकवलं आहे, त्यामुळे तेही मला बाईच म्हणतात. त्यांनी सीटवर हाताने दोनदा थापटलं आणि जागच्या जागी निकाल दिला.

“बाई, हे स्प्रिंगांचं काम आता कोण करतंय हो? काढून टाकू. फोम घालतो. एकदम मख्खन. साहेब झोपून जातील बघा.”

“साहेबांना झोपायचं नाही, मिस्त्री. उठायचं आहे.”

“हौ, मग उठतील की!”

“फोम नको. तुटलेल्या स्प्रिंगा बदला, बाकीच्या नीट बसवा, वर काथ्या घाला. जसं होतं तसं.”

“तुम्ही म्हणाल तसं, बाई,” असं म्हणून त्यांनी सीट उचलून आत नेली. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. ते संभाषण मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण पुढे त्याचा बराच कीस पडला.

“बाई, सीट खोलली. स्प्रिंगा सगळ्या बसल्या.”

“सगळ्या बसल्या?”

“सगळ्या. एक बी राहिली नाही.”

“वा, छान! मग पुढचं उरका. रविवारी जायचंय आम्हाला.”

“वरचं माझ्या पद्धतीने करू ना?”

“करा, करा.”

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी आत जाऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी वळसंगला फोन लावला आणि येतोय, येतोय असं तीनदा ओरडून सांगितलं. पलीकडून आत्याआजी म्हणाली, “व्हय, पाऊस न्हाय हितं.”

शनिवारी मी दुकानात गेले तेव्हा सीट मोटारीत चढवून तयार होती. मरून रंगाचं चकचकीत रेक्झिन, जत्रेतल्या पाळण्यासारखं. मी चालवायला बसले तेव्हा ती मऊ लागली, पण नवं आहे म्हणून असेल असं वाटलं. रविवारी सकाळी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, नेहमीसारखे कडेला टेकले आणि खाली गेले. खालीच गेले. गुडघे छातीशी आले आणि चेहरा पांढरा पडला. पुन्हा शेजारचे दोघे, पुन्हा सॉरी, सॉरी. घरात येऊन ते ठोकळ्यांवरच्या खुर्चीत बसले आणि इतकंच म्हणाले, “ताईला सांग, मी आता येत नाही. यापुढे नाही.”

मी फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच पलीकडून सुरुवात झाली. “तम्मा, यायचं नसंल तर न्हाय म्हण की! धपाटी करून बसलीया मी. बायकोला गाडी चालवाय येत न्हाय म्हणून सांगू नगंस, लई ग्वाड चालवती ती.” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तम्मा म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे. मी फोन ठेवला. त्या क्षणी मला मिस्त्रींचा जेवढा राग आला, तेवढा कॉपी करणाऱ्या मुलींचाही कधी आला नव्हता.

सोमवारी दुकान उघडताना मी तिथे हजर होते.

“तुम्ही म्हणालात स्प्रिंगा बसल्या.”

“बसल्याच होत्या की! म्हणून तर काढल्या.”

“बसल्या म्हणजे जागेवर लागल्या!”

“बसल्या म्हंजे गेल्या, बाई! दबल्या, खल्लास. भिंत बसली म्हंजे काय? बांधली का पडली? धंदा बसला म्हंजे काय? चालला का बुडाला?”

“आणि नट बसला म्हणजे?”

“नट बसला म्हंजे... नट बसला.”

“नट गेला का?”

“नटाचं वेगळं असतं.”

“कवळी बसली? चष्मा बसला? मापाचा बूट बसला?”

तोवर शेजारचा टायरवाला आणि समोरचा पानवाला, दोघेही येऊन उभे राहिले. टायरवाला माझ्या बाजूने होता, पानवाला मिस्त्रींच्या. पानवाल्याचं म्हणणं, आवाज बसला म्हणजे आवाज गेला, त्यामुळे बाईंची केस कच्ची आहे. टायरवाल्याने विचारलं, “मग टायर रिमवर बसला म्हंजे पंक्चर झाला का रे?” तुमच्या बाबांनी ‘शुक्रवार पेठ डोक्यावर घेतली’ म्हणून सांगितलं ते हे. भाषेची चर्चा चालली होती. आवाज थोडे चढले, एवढंच.

“शब्दाचं राहू द्या,” मी म्हटलं. “फोम नको, हे मी तोंडावर सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतं. पण वरचं माझ्या पद्धतीने करू का विचारलं, तुम्ही करा म्हणाला.”

“वरचं, मिस्त्री! स्प्रिंगा खाली असतात!”

यावर पानवालासुद्धा टायरवाल्याच्या बाजूला सरकला. माझ्या स्प्रिंगा कुठे आहेत असं विचारल्यावर मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाले, “भंगारात दिल्या.” मी मोटारीचं दार उघडलं आणि त्यांना त्यांच्याच फोमवर बसवलं. भंगाराच्या दुकानाशी पोचल्यावर त्यांनाही उतरायला दाराची चौकट धरावी लागली. मी ते नीट पाहून ठेवलं.

सीटमधून काढलेला स्प्रिंगांचा सांगाडा कूलरच्या पत्र्यांखाली आणि मोडक्या यंत्रमागाच्या चाकांशेजारी अजून जसाच्या तसा पडला होता. तो बाहेर ओढून पाहिला, तर मिस्त्रींचं अगदीच खोटं नव्हतं. माझ्या बाजूच्या स्प्रिंगा दबलेल्या पण धड होत्या. आजोबांच्या बाजूच्या तुटलेल्या, वाकलेल्या, काही बुडापासून सुटलेल्या. मिस्त्री म्हणाले, “वेल्डिंग मारलं तर परत तिथंच तुटतात. आणि नव्या मिळत नाहीत. मी तरी काय करणार, सांगा.” पहिल्यांदाच ते तक्रार न करता बोलत होते.

मी सांगाडा घरी आणला. दिवाणखान्यात बसून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. बसले होते आपल्या जुन्या तीन माणसांच्या सोफ्यावर. याच सोफ्यावर बसून, माझा चहा पीत, निरनिराळ्या शहाण्यांनी मला मोटार विकायचा सल्ला दिला होता. ‘या वयात कशाला फिरायचं’ हे वाक्यही इथेच बसून म्हटलं गेलं. मी उठले तेव्हा सोफा नेहमीसारखा कुरकुरला. मग मी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि खालचं कापड उसवलं.

आजोबा काठी टेकत आले. “अगं, हे काय चालवलंयस? पाहुणे कुठे बसतील?”

“उभे राहतील. लवकर जातील.”

ते खूप दिवसांनी हसले.

मिस्त्रींना मी घरीच बोलावलं. या वेळी फोनवर काही ठरवायचं नव्हतं. सगळं काम अंगणात, माझ्यासमोर. सोफ्याच्या स्प्रिंगा मोटारीच्यापेक्षा उंच आणि मऊ निघाल्या. मिस्त्रींनी त्या आजोबांच्या बाजूला दाटीने लावल्या आणि सुतळीने दाबून एकमेकींना आडव्या-उभ्या बांधल्या, तशा त्या ताठ झाल्या. माझ्या बाजूला जुन्याच राहिल्या; त्यांच्या बुडाशी लाकडी पट्ट्या देऊन उंची भरून काढली. त्यावर गोणपाट, मग घरातली एक विरलेली चादर, मग काथ्या. मी आजोबांच्या ठोकळ्यांवरच्या खुर्चीची उंची पट्टीने मोजून दिली होती. मिस्त्री पुटपुटत होते, “बाईंनी मला परत शाळेत घातलं.” मी म्हटलं, “बसलात ना नीट? मग झालं.” त्यावर ते इतके हसले की हातातली सुतळी सुटली आणि एक ओळ पुन्हा बांधावी लागली. मरून रेक्झिन मात्र तेच राहिलं. त्याला माझा इलाज नाही.

सीट मोटारीत चढल्यावर आजोबा आले. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. कडेला टेकले, थोडं थांबले, एकेक पाय आत घेतला. गुडघे खाली, खुबा वर. मग पाय बाहेर काढले आणि उठून उभे राहिले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मी दुसरीकडे पाहत होते, कारण मला रागच धरून ठेवायचा होता.

त्या रविवारी गतिरोधकाशी मी मोटार इतकी हळू घेतली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत ओरडला, “आज्जी, ढकलू का?” मी काच खाली करून त्याला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. वळसंगला ओट्यासमोर मोटार उभी केली. आजोबा स्वतः उतरले आणि काठी टेकत पायरीशी गेले. आत्याआजीने डोळे बारीक करून आधी मोटारीकडे पाहिलं, मग भावाकडे. “तम्मा, उंच झालास की काय? बस हितं.” आणि तिने ताट पुढे सरकवलं. आम्ही मागच्या रविवारी का आलो नाही, हे आजोबांनी सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकलं नाही.

आता तुम्ही पुढच्या सुट्टीत याल तेव्हा दिवाणखान्यात सोफा दिसणार नाही. सतरंजी आहे, तिच्यावर बसा. कुंभारीच्या गतिरोधकावर अजून पट्टे नाहीत. माझ्या बाजूच्या जुन्या स्प्रिंगा शाबूत आहेत, आजोबांच्या बाजूला सोफ्याच्या आहेत, आणि आम्ही दर रविवारी वळसंगला जातो.