साडूंचा हब

माझ्या वणीच्या साडूंइतका चिवट माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा. आणि घडवला असलाच, तर तो माझ्या नात्यात घातला नाही, हे त्याचे उपकार. घरी कपाशी, तूर, गोठ्यात बैल, असं सगळं सुरळीत चाललेलं असताना या गृहस्थाने मायदेशी परतणाऱ्या, कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या मॅनेजरकडून दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीच्या घाटाची मोटार घेतली. स्वातंत्र्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. मॅनेजरने तिचं मूळ स्टिअरिंग काढून कुठलंसं लाकडी चाक बसवलं होतं. नेरच्या रस्त्यावर, मी शेजारी बसलेला असताना, ते अख्खं साडूंच्या हातात आलं. त्यांनी ते शांतपणे माझ्या मांडीवर ठेवलं. "पकडा जरा, मास्तर," म्हणाले, आणि आम्ही तुरीच्या शेतात शिरलो.

चाक आणि खालचा दांडा यांना जोडणाऱ्या धातूच्या तुकड्याला मिस्त्री हब म्हणत. त्याचे आतले दाते झिजले होते. मोटार बनवणाऱ्यांनी कळवलं, हा तुकडा आमचा नव्हे. मग कोणाचा, या प्रश्नाने साडूंना झपाटलं आणि साडूंनी मला. मी इंग्रजीचा मास्तर. पत्रं मीच लिहायची. प्रत्येक पत्र चारदा लिहावं लागे, कारण कंपनीतल्या मंडळींची प्रकृती विचारल्याशिवाय कामाचं बोलणं साडूंना असभ्य वाटे. "लेथवर नवा करून घ्या," मी वैतागून म्हणालो. "झिजलेल्या दात्यांवरून अंदाजानं केलेला कसा चालन? एकदा शेतात गेलतो ना आपण," ते म्हणाले. तो हब कोटाच्या खिशात घालून ते लग्नांना जात, तेराव्याला जात, आणि भेटेल त्याला दाते मोजायला लावत. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो त्यांनी माझ्या हातात कोंबला. माझे छत्तीस भरले, शेजारच्या पाहुण्यांचे पस्तीस. "मंग परत मोजा," साडू म्हणाले, आणि माझ्या अक्षता तशाच मुठीत राहिल्या.

एकदा यवतमाळला आमच्याकडे आले. बायको कणीक मळत होती. काही कळायच्या आत त्यांनी तो हब कणकेत दाबला. दात्यांचा ठसा हवा होता म्हणे.

"भाऊजी, या कणकेच्या पोळ्या तुम्हीच खा आता," बायको म्हणाली. मग गोळा उचलून ती थबकली. "अहो, यात अक्षरं उमटलीत."

कडेवरच्या काळ्या रंगाखाली कोरलेलं आम्हांला कधी दिसलं नव्हतं, ते कणकेने उचललं होतं. अक्षरं उलटी होती. मी आरसा धरला. तीन ठळक अक्षरं आणि एक आकडा. वर्षभराच्या छळातून सुटल्याच्या आनंदात मी गोळा आणि आरसा साडूंपुढे केला. "वाचा."

त्यांनी आरसा जवळ घेतला, लांब धरला, मग खाली ठेवला. "तुमीच वाचा."

"एवढी मोठी तर आहेत."

"काचबिंदू हाये, मास्तर. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं. डावा गेला, उजव्यात थोडं उरलं."

"ताईला ठाऊक आहे?" बायकोने विचारलं.

"नाही. हाये तितक्या उजेडात गाडी चालवून घ्यावी म्हणतो. म्हणून तुम्हाले तरास देऊन राह्यलो."

त्या अक्षरांवरून मुंबईच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या एका जुन्या व्यापाऱ्याने बनवणारा ओळखला. नवा हब यायला मात्र सहा महिने गेले. मिस्त्रीने तो बसवला त्या दिवशी मला वणीला बोलावणं आलं. गावाबाहेर त्यांच्याच शेताला लागून बैलगाड्यांचा सरळ रस्ता होता. चाकामागे बसले ते साडूच; मी शेजारी, मुठी आवळून.

"डावीकडे थोडं," मी सांगत होतो. "आता सरळ."

"समोर मोकळं हाये काय?"

मी पाहिलं. लांबवर पळसापर्यंत कोणी नव्हतं. "मोकळं आहे."

त्यांनी वेग वाढवला. वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण मग पुढे पाहिलं आणि रस्ता सांगत राहिलो.